आधी चौकीदाराची झडती

उस्ताद, आज सरकारी धान्य गोदामाच्या फाटकावर माझी छत्री अडवण्यात आली. चाळिशी ओलांडलेल्या, साप्ताहिकात दर आठवड्याला साऱ्या गावाच्या खोड्या काढणाऱ्या माणसाची छत्री चौकीदाराने उघडली, झटकली, काड्यांमधून बोट फिरवलं आणि भिंतीशी उभी केली, एखाद्या आरोपीसारखी. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि मला गोदामाचं उघडं आवार डोक्यावर काही न घेता ओलांडायला लागलं. या अन्यायावर अर्धा स्तंभ लिहायचा असं मी ठरवूनही टाकलं. पण छत्रीला हात लावण्याआधी त्या माणसाने स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करून माझ्यापुढे धरले होते. "आधी माही झडती घ्या, साहेब." मी न पाहताच "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत पुढे झालो होतो. दहा पावलांवर पाय अडखळले. ही रीत तुमची. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली आणि तुमची रीत अजून फाटकावर उभी आहे.

स्वराज्य नवं होतं तेव्हा. तुम्ही पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, आणि गोंदियाच्या राईस मिलच्या मालकाने आम्हा सहा जणांना चौकीदारी शिकवायला तुम्हाला ठेवलेलं. महिनाभर उमेदवारी, मग चौघं पक्के, दोघं घरी. मला तोवर दोन ठिकाणांहून काढलेलं होतं, जिभेमुळे. तिसऱ्यांदा घरी तोंड दाखवण्याची सोय नव्हती. तुम्ही धानाच्या ढिगावर राखेचे ठसे उमटवायला शिकवलंत, म्हणजे कोणी मूठ घातली की ठसा मोडतो. "तोंडाकडं पाहू नोको, पायाकडं पाहा. तोंड लबाड बोलते, पाय नाही बोलत." आणि रोज संध्याकाळी मजुरांची झडती सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर चौकीदाराची झडती, तुमच्यासकट. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, आमच्या खिशात भोकाशिवाय काय हाये?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मंग भोक दाखव."

शेवटचा दिवस. कोण पक्का ते ठरवायला मॅनेजर फाटकाशी खुर्ची टाकून बसलाय. पाळी सुटते, बाया रांगेने येऊ लागतात. एकीचं पाऊल जरा जपून पडतंय. मी तिला अडवतो; घाईत आपल्या झडतीचं विसरूनच जातो. "ओटी सोड." ती सोडते. दीड मूठ कनकी, तुटक्या तांदळाचा चुरा, मातीसकट. "झाडलेली हाये जी. कोंबड्याले टाकतेत तेच," ती म्हणते. "उद्यापासून हिला बंद," मॅनेजर म्हणतो, आणि माझ्याकडे पाहून पसंतीची मान डोलावतो. माझी नोकरी त्या मानेत होती. मी तिथून डोळे हलवायला तयार नव्हतो.

तेवढ्यात तुमचा आवाज. "थांबा साहेब. पह्यले आमची झडती राहिली. घे रे माही."

तुमच्या कोटाच्या उजव्या खिशात काही नव्हतं. डाव्यात माझा हात गेला आणि बोटांना तांदूळ लागला. अख्खा, कोरडा, मूठभर. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मॅनेजर पाहत होता. ती बाई ओटीचं टोक धरून तशीच उभी होती. हात बाहेर काढून मी म्हणालो, "साफ आहे, साहेब."

रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. मी मॅनेजरचं तोंड वाचत होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या देखत मागच्या ढिगाचा ठसा मोडून मूठ खिशात टाकली होती. ती तुम्ही मॅनेजरच्या पुढ्यात रिकामी केलीत. "मी पण चोर. आता दोघांले काढा, नाहीतर दोघांले ठेवा."

मॅनेजरचं तोंड लाल झालं. बाई राहिली. तुम्हालाही "रहो" म्हणाला तो, पण तुम्ही गळ्यातली शिटी काढून माझ्या हातात दिलीत. "पोरगा नापास झाला त शिकवणारा पण नापास." मी फाटकाबाहेर तुमच्या मागे धावलो. "काऊन असं केलं, उस्ताद?" "मले कायले इचारून राहिला बे? आपल्या हाताले इचार." मी दुसऱ्या दिवशी पक्का झालो. "समझदार आदमी है," मॅनेजर म्हणाला. कोणाला अडवायचं आणि कोणाला नाही हे ज्याला कळतं असा माणूस त्याला हवाच होता. तुमची शिटी मी चार वर्षं वाजवली. मधे तुम्ही गावी, दवनीवाड्याला, वारल्याची खबर आली, आणि ड्युटी आहे म्हणून मी आलो नाही. ड्युटी नव्हती.

हा किस्सा मी चार लोकांत रंगवून सांगतो. त्यात माझा हात चुकून खिशाच्या वरूनच जातो, आणि लोक हसतात.

आज गोदामातून बाहेर पडताना चौकीदाराने छत्री पुढे केली. मी घेतली नाही. म्हणालो, "सकाळी तुमची झडती राहिली." तो गोंधळला, पण त्याने खिसे उलटे केले. एकात चुन्याची डबी, दुसऱ्यात भोक. दोन्ही मी नीट, थांबून पाहिले. मग म्हणालो, "साफ," आणि छत्री घेतली.

या पत्राला पत्ता नाही. तुमची शिटी टेबलाच्या खणात आहे, तिच्याखाली ठेवतो. डाव्या खिशात तांदूळ होता, उस्ताद. माझ्या हाताला लागला होता.