गेट, गॉट, गॉटन

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. इंग्रजी शिकायचं. येत्या पंधरा तारखेला हॉलंडच्या एक बाई पवनीला येणार, आपल्या कोसा रेशमाच्या साड्या बघायला. ऑर्डर मिळाली तर सगळे माग वर्षभर चालतील. नाही मिळाली तर निम्मे बंद. एवढा मोठा सौदा सुनेने करायचा? बोर्डावर नाव माझं, कृष्णराव. अन् फोनवर जो तो विचारतो, दामिनी मॅडम आहेत का?

५ नोव्हेंबर
पुस्तक आणलं. क्रियापदं फार. सगळी पाठ करायची गरजच नाही, हे पहिल्याच पानावर लक्षात आलं. 'गेट' पुरे. मिळणं गेट, पोहोचणं गेट, समजणं गेट, आजारी पडणंसुद्धा गेट. पोरं उगाच इतकी वर्षं शाळेत घालवतात.
गेट, गॉट, गॉटन. 'गेटेड' नाही.

८ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ
पहाटे उठून अभ्यास करायचा होता. आत्ता उठलो. पण 'गेट अप' म्हणजे उठणे हे पाठ झालं, म्हणजे अभ्यास झालाच.
मोठ्याने घोकत होतो, 'गेट, गेट'. कौशल्या दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. म्हणाली, "कोणीच नाही जी बाहेर! काहून ओरडून राहिले?"
बायकोसमोर अभ्यास करणे बंद.

१२ नोव्हेंबर
दामिनी म्हणाली, "मामाजी, गेटच्या पुढचा शब्द बदलला का अर्थच बदलते. मी बोलतो ना त्यायच्यासंग, तुम्ही साड्या दाखवा."
घाबरली पोरगी. तिची जागा जाऊन राहिली ना.

१५ नोव्हेंबर, दुपार
बाईंना उशीर. ड्रायव्हर कोंढ्याजवळ रस्ता चुकला म्हणे. दामिनी आत साड्या लावत होती, तिच्या मोबाइलवर आलेला बाईंचा फोन मीच उचलला. रस्ता चुकणे म्हणजे 'गेट लॉस्ट'. काळजीने विचारलं, "मॅडम, गेट लॉस्ट?" पलीकडे शांत. ऐकू गेलं नसेल म्हणून जोरात म्हणालो, "गेट लॉस्ट!" फोन कट.
कोंढ्याकडे रेंजच नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गाडी आली. मी स्वतः दार उघडलं. हात जोडले, हसलो. "गेट आउट, मॅडम, गेट आउट!"
बाई उतरायच्या सोडून सीटवर मागे सरकल्या. लाजाळू आहेत. ड्रायव्हरने गाडी पुन्हा चालू केली तेव्हा दामिनी अनवाणीच धावत आली. माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत पुष्कळ बोलली. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी मला धरून खुर्चीवर बसवलं. किती मान!
पुढचं किरकोळ बोलणं दामिनीने केलं. मी देखरेख केली. ऑर्डर मिळाली! सगळे माग चालणार!
जाताना बाई मला म्हणाल्या, "होप यू गेट वेल." माझंच क्रियापद! माझ्या इंग्रजीचा परिणाम झाला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पुस्तकात पाहिलं. वेल म्हणजे विहीर. बाई आपल्याला विहीर देणार!
शेजारच्या परसरामला बोलावलं. मागच्या अंगणात जागा पाहिली. त्याने विचारलं, "कायले देऊन राहिली ते बाई विहीर?" म्हटलं, इंग्रजी येत असलं की देतात.

१७ नोव्हेंबर
परसरामने दामिनीला विहिरीचं विचारलं. ती हसता हसता ओसरीवरच बसली. मग सगळं सांगितलं. 'सासऱ्यांना ताप चढला, ते बरळून राहिले,' असं तिने बाईंना पटवलं होतं. 'बरे व्हा,' एवढंच बाई म्हणाल्या होत्या.
कौशल्या दिवसभर तोंडाला पदर लावून आहे.

१९ नोव्हेंबर
ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात घरात कोंबडी शिजली. तेवढ्यात बाईंचा व्हिडिओ कॉल आला, माझी तब्येत विचारायला. सुनेचा शब्द खोटा पडू नये म्हणून मला मफलर गुंडाळून, पुढ्यात मुगाची खिचडी ठेवून बसवलं.
दामिनी कानात म्हणाली, "मामाजी, बोलू नका. नुसते खोका."
खोकलो.
या खेपेला माझं बोलणं बाईंना बरोबर समजलं.