बँकेच्या नावाने आलेला मेल

सोमवार, ३ जून

वन्संना आज पुन्हा शिकवलं. पाठवणाऱ्याचं नुसतं नाव वाचू नका, पूर्ण पत्ता उघडून बघा. बँकेचं नाव आणि पुढे भलतीच अक्षरं असली, तर पुसून टाका. ‘आजच माहिती भरा, नाहीतर खातं बंद’ — बँक अशी मानगुटीवर बसत नाही. पासवर्ड तर विचारतच नाही. मागच्या महिन्यात त्या असंच काहीतरी भरायला निघाल्या होत्या, तेव्हा पाहुण्यांदेखत बोलले मी त्यांना. आज विचारलं, "कळलं का?"

"कळलं गं बाई. तुझ्यापेक्षा तो चोर बरा, निदान ‘प्रिय ग्राहक’ तरी म्हणतो."

हे हसले. मी नाही.

शुक्रवार, ७ जून

वन्संचं खातं रिकामं. कवळीसाठी साठवलेलं सगळं गेलं. बुधवारी मेल आला, बुधवारीच माहिती भरली — आणि मला सांगितलं आज! बँकेतली मुलगी म्हणाली, "लगेच कळवलं असतंत तर कदाचित थांबवता आलं असतं." बाहेर पायऱ्यांवरच मी वन्संना झाडलं. दोन दिवस मूग गिळून का बसलात?

"तू ओरडशील म्हणून."

येणारे-जाणारे बघत होते. हे माझ्या बाजूला खाली मान घालून उभे.

शनिवार, ८ जून

तक्रार नोंदवली. पैसे मिळतील असं कुणी म्हणत नाही.

मंगळवार, ११ जून

मेल चोराने पाठवला, पण ते दोन दिवस त्याला मी मिळवून दिले. इथे लिहिता येतं, तोंडाने म्हणवत नाही. वन्सं सगळं बुडवून, मऊ करून खातात. कवळीचा खर्च मी करते म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे. दात नसले की उलट बोलता येत नाही. तुझी सोयच आहे." तेव्हाच माफी मागायची होती. मी म्हटलं, "नवा पासवर्ड नीट ठेवा."

बुधवार, १२ जून

माफी मागितली एकदाची. वन्सं म्हणाल्या, "असू दे गं." त्या आत गेल्यावर हे हळूच म्हणाले, "ताईचा फोन त्या दिवशी माझ्याकडे होता. मीच भरलं ते सगळं. तुला सांगायला निघालो, तर तिने हात धरला. म्हणाली, ‘तुला जन्म काढायचाय तिच्याबरोबर. माझं नाव सांग.’"