मामंजी आत आले की

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावानं बोटं मोडायचंही आता कुणाला सुचत नाही, म्हणून ते काम मी एकटीच करते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. आपल्या वरवे गावात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. लई वळणाची बाई, नवऱ्यासमोर कधी खाली टेकली नाही, सुनेलाही तसंच वळण लावलं. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सासू म्हणून तुम्ही माझ्या ताटात कधी कमी वाढलं नाही, हात कधी उगारला नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण मामंजी आत आले की उठायचं, हे तुम्ही माझ्या अंगात असं भिनवलंत, की त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली. ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. पोर पोटात होती, भाताची लावणी करून आलेले, पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. सोप्यातल्या खाटेच्या कडेवर मी नुसती टेकले आणि मामंजी दारातून आत आले. तुम्ही चुलीपुढं होता, तिथून तुम्हाला कसं दिसलं देव जाणे. पिठाच्या हातानं बाहेर आलात आणि पाहुण्यांदेखत माझा दंड धरून मला उभं केलंत. "सासरा हुबा नि ही खाटंवर? आयनं काय वळण लावलं न्हाई का?" माझी आई विंझरला, तिच्या कानावर ते कधी गेलं नाही, पण तिच्याच थोबाडीत बसल्यासारखं मला झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही भोरच्या बाजारातून एक पाट घेऊन आलात. चांगला सागवानी, गुळगुळीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलात आणि म्हणालात, "पाय दुखलं तर हितं बस. हितं कोन येत न्हाई." वा, काय मन मोठं तुमचं! त्या पाटावर मी बसत होते, पण तुमचे उपकार कधी मानले नाहीत.

तुम्ही गेलात आणि मला वाटलं, सुटले. मग लॉकडाऊन लागला. ह्यांची शिरवळची कंपनी बंद पडली आणि घर माझ्या पगारावर आलं. माझं काम फोनवरचं, विम्याचं. दवाखान्यात दाखल झालेल्यांच्या घरची माणसं फोन करतात, खर्च मंजूर होईल का विचारतात, आपण कॉम्प्युटरवर बघून सांगायचं. ऑफिसनं लॅपटॉप घरी पाठवला. आणि आख्ख्या घरात रेंज कुठं यावी? सोप्यात, खिडकीशी, बरोबर तुमच्या फोटोखाली. बसा आता! मी खुर्ची टाकली, लॅपटॉप स्टुलावर ठेवला, मोबाईल खिडकीच्या गजाला बांधून त्याची वायर लॅपटॉपला जोडली. पोरीची शाळा ह्यांच्या मोबाईलवर, ओसरीत. दोन फोनांच्या मधे मी भाकरी थापून यायची, पिठाच्या बोटांनी बटणं दाबायची, आणि एका कानात कुणीतरी रडत असायचं. ह्यांना म्हटलं, निदान भाकरी तरी भाजा. भाजल्या. तुम्ही असता तर लेकाच्या हातातून उलथनं काढून घेतलं असतंत.

तरी सुरुवातीला निभावलं, कारण मामंजी आत येताना खाकरायचे. पुरुषमाणसानं उंबऱ्यावर खाकरायचं, म्हणजे आतल्या बायका सावरतात, ही जुनी रीत. खाकरणं ऐकलं की मी हेडफोनची वायर सांभाळत हळूच उठायची, फोनवर बोलतच उभी राहायची, ते माजघरात गेले की पुन्हा बसायची. दिवसभर नुसती ऊठबस. पण करोनाच्या दिवसांत म्हातारा माणूस उंबऱ्यावर खाकरतोय म्हटल्यावर आळी हादरली. शेजारणीनं आरोग्य केंद्राच्या आशाताईला बोलावलं. ती बिचारी दोन मास्क लावून आली, मामंजींच्या बोटाला मशीन लावलं, सगळं ठीक निघालं. पण मामंजींना ते लई लागलं. "माज्यामुळं लोक भ्याले," म्हणाले, अर्थात मला नाही, पोरीला. माझ्याशी ते थेट बोलतच नव्हते, चहासुद्धा "आईला सांग" म्हणून मागायचे, आणि मी शेजारीच उभी असायची. त्या दिवसापासून त्यांनी खाकरणं सोडलं. ओठ मिटून, पायरव न करता आत यायला लागले.

तिथंच घोटाळा झाला. फोन चालू असताना ते अचानक समोर यायचे आणि मी ताडकन उठायची. कानावरच्या हेडफोननं लॅपटॉप ओढला जायचा, मोबाईलची वायर निसटायची, नेट गेलं की फोन तुटायचा. टीम लीडर म्हणजे माझ्यापेक्षा पुष्कळ लहान पोरगी. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मधेच उठता कशाला?" काय सांगू तिला? सासरे पाणी प्यायला आले म्हणून? तिनं आधी गोडीत सांगितलं, मग सरळ बजावलं, आता आणखी एक फोन असा तुटला तर काम दुसऱ्याला जाईल.

आणि तुटला. एक माणूस बोलत होता, आई दाराशी ॲम्ब्युलन्समध्ये आहे म्हणाला, दवाखानावाले आधी विमा कंपनीचा होकार मागताहेत. "ताई, हो म्हना फक्त," म्हणाला. कागद माझ्यासमोर उघडा होता, होकार होता, मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि मामंजी आत आले. मी उठले. आत्याबाई, मी उठले! फोन गेला. आमच्याकडून परत लावायची सोय नसते, तो माणूस पुन्हा रांगेत, कुणाला लागला असेल कुणास ठाऊक. मी तिथंच उभी, आणि मामंजी शांतपणे माठातलं पाणी घेत होते.

मग मी काय केलं ऐका. हेडफोन काढून आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलले. "मामंजी, आजपासून तुम्ही आलात तरी मी उठायची न्हाई. काय म्हणायचं ते म्हणा!" पोर ओसरीतून धावत आली. हे चुलीपाशी तसेच थिजले. मामंजींनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मग उठतीस कशाला?"

मी म्हटलं, "कशाला म्हणजे? तुमच्यासाठी!"

"म्या कवा म्हनलं, ऊठ म्हून? तुजी सासू बी उठायची. मला वाटलं, तुमचं बायकांचं कायतरी आसंल."

बायकांचं कायतरी! ऐकलंत ना? तुम्ही जन्मभर, मी तुमच्या पाठोपाठ, दोघींनी गुडघे झिजवले, आणि ज्याच्यासाठी झिजवले त्याला वाटत होतं ही बायकांची आपसातली काहीतरी भानगड आहे. विचारावं असंही त्यांना कधी वाटलं नाही. त्यांचाही मला संताप आला, खोटं कशाला बोलू? पण ते निदान समोर होते, त्यांच्याशी भांडता आलं. तुम्ही वर फोटोत हार घालून बसलेल्या. तुम्ही तरी एकदा विचारायचं होतं त्यांना. मला दंड धरून उठवण्याआधी, पाहुण्यांदेखत माझ्या आईचा उद्धार करण्याआधी, एकदा तरी!

नोकरी टिकली. ॲम्ब्युलन्सच्या माणसाचं मी टीम लीडरला जसं घडलं तसं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, माझी आई अजून उठते." काम माझ्याकडंच राहिलं. आता आठवड्यातून दोनदा पुण्याला जाते, बाकी दिवस त्याच खुर्चीत. त्या माणसाच्या आईचं काय झालं ते मला कधी कळणार नाही. त्याचा दोष मी तुमच्या माथी मारते, आणि मारत राहणार.

मामंजी मात्र तेव्हापासून बोलायला लागलेत ते थांबत नाहीत. परवा मी खुर्चीवर बसून घेवडा निवडत होते, ते खाटेवर. तुमचा विषय निघाला. मी म्हटलं, "शेवटच्या दुखण्यात आत्याबाईंच्या अंगात त्राण नव्हतं, तरी तुम्ही आत आलात की उठू बघायच्या. तेव्हा तरी पडून राहा म्हणायचं होतं."

मामंजी माझ्याकडं बघतच राहिले. "त्यासाठनं उठायची व्हय ती?" म्हणाले. "मला वाटायचं, पानी पायजे आसंल."

मला सगळं आठवलं. तुम्ही कोपरावर भार देऊन अर्ध्या उठायच्या. ते लगबगीनं तांब्या घ्यायचे, मानेखाली हात घालून तुम्हाला पाणी पाजायचे. तहान असो नसो, तुम्ही ते घोट घोट पिऊन टाकायच्या, मग ते तुम्हाला पुन्हा निजवायचे. दिवसातून कितीदा तरी. दारातून बघताना मला वाटायचं, काय जीव आहे दोघांचा एकमेकांवर.

हे पत्र कुठं पोचायचं नाही, मला कळतं. पण पोचणार असतं तरी मी ते पेटीत टाकलं नसतं. तुम्हाला बोल लावायला मी कधीही तयार आहे, आजही, आत्ताही. पण ते पाण्याचं तुम्हाला कळावं, इतकं वाईट मला तुमचं अजून चिंतता येत नाही.