सहा आकडे

प्रिय लेकीस,

प्रिय म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, मनात काय आहे ते पुढे कळेलच. हे पत्र मी बोलतेय आणि फोन लिहितोय. मधेच फोन करून मला समजवायला येऊ नकोस, आधी पूर्ण वाच.

महिनाभर दर बुधवारी मी गुडघे शेकायला जाते, असं तुला सांगत होते ना? थाप होती. मी वाचनालयात जाते. तिथल्या बाई माझ्यासारख्या नजर गेलेल्यांना बोलता फोन शिकवतात. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते तो वाचतो. चाळीस वर्षं काजं केलेली बोटं ही, त्यांना काय जड? तुला नाही जमायचं आई, मी आहे ना, हे तुझं पालुपद मात्र नजर गेल्यापासून मी आठ महिने ऐकलं.

मावशीला ऐकू येत नाही, मला दिसत नाही. आम्हा बहिणींच्या मधे तू. तिचे निरोप तू वाचायचीस, माझी उत्तरं तू लिहायचीस, तीही ऑफिसात बसून, माझं खातं तुझ्या फोनला जोडून. मावशी मजेत आहे, म्हणायचीस. मी भाबडी, मान डोलवायची.

गेल्या बुधवारी फोनने मला तुमचे जुने निरोप सगळे वाचून दाखवले. मावशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. एकदा येऊन जा, असं तिने तीनदा लिहिलं. माझ्या नावाने तू काय कळवलंस? प्रवास झेपत नाही गं, काळजी घे, आणि पुढे एक फूल. मग तिने विचारलं, माझ्यावर रागावलीस का? त्यावर तू नुसता अंगठा पाठवलास. अगं, लाज कशी वाटली नाही? भर वर्गात रडले मी.

आईला ताप नको, वाटेत धडपडेल, हे तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. तुझी ओढाताणही खरी. पण सहा वर्षांची असताना सुईत दोरा जाईना म्हणून तू भोकाड पसरलं होतंस, आठवतं? मी ओवून दिला नाही. शेजारी बसून राहिले. अख्खी दुपार गेली, पण तू ओवलास. तेवढी एक दुपार तुला माझ्यासाठी काढता आली नाही.

बाईंनी दाखवलं तसं मी तुझा फोन माझ्या खात्यातून काढून टाकला आणि मावशीला स्वतः लिहिलं. तिचं उत्तर आलं, ही खरंच तूच का? काय सांगू तिला? उद्या सकाळच्या गाडीने निघतेय, वर्गातली एक जण सोबत आहे. हात हातात घेतला की कळेल मावशीला.

आता पत्राचं कारण. आज सकाळी तुझा फोन आला, खातं पुन्हा जोडायचंय, सहा आकडे येतील, शेजारणीकडून वाचून घे आणि मला सांग. आकडे आले. फोनने दोनदा वाचले, मला पाठ झालेत. तुला सांगणार नाही.

तुझीच, आणि हे मी स्वतः सांगतेय,
आई