भीती नव्हे, किळस

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय देवेश,

इथे सगळं ठीक. कल्याणला आईंचा गुडघा कसा आहे? प्रियू बालवाडीत जाताना अजून रडते का? फोनवर विचारायला घेतलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय.

डॉक्टरांकडे नेमाने जाते. पहिल्या दिवशी मी त्यांना जंतूंचं सांगितलं, तुला सांगायचे तेच. प्रियूला उलट्या झाल्या, ती माझ्या अंगावर ओकली, तेव्हापासून हे सारखं धुणं-घासणं सुरू झालं. तिला परत इन्फेक्शन नको म्हणून जपते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भीती वाटते, की किळस येते?"

"घाणीची येते," मी म्हटलं.

"फक्त घाणीची?"

मी पर्स उचलली आणि निघून आले.

पुढच्या वेळी सांगितलं. आता तुलाही सांगते. मला प्रियूची किळस येते. आपल्या मुलीची. तिच्या लाळेची, केसांच्या वासाची, ओल्या हातांची. ती जवळ आली की मी अंग चोरते. सारखी घासून घासून आंघोळ घालायचे, ती तिच्यासाठी नव्हतीच. "आई, मी घाण आहे का?" असं तिने विचारलं आणि तू त्याच संध्याकाळी तिला कल्याणला आईंकडे घेऊन गेलास. बरं केलंस.

डॉक्टर म्हणाले, माया आटलेली नाही, हा आजार आहे. भीती त्या मानाने लवकर ओसरते, किळस चिवट असते. त्यांनी तिचा न धुतलेला फ्रॉक मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. पहिल्यांदा मी ओकले. आता तो मांडीवर ठेवून चहा पिते.

रविवारी तू बाजारात गेलेलास, तेव्हा मी कल्याणला आलेले. सांगू नका, असं आईंना मीच म्हटलेलं. प्रियू वरणभात खात होती. मला बघून दाराआड लपली. मग आपणच बाहेर आली आणि तोंडातला अर्धा घास काढून माझ्यापुढे धरला.

"तुला नको ना?"

मी खाल्ला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचेपर्यंत मळमळत होतं, पण चूळ भरली नाही. ती मात्र आजीला ओरडून सांगत सुटलेली, "आईने माझं उष्टं खाल्लं!"

मी बरी झालेय असं समजू नकोस. तिला इतक्यात इकडे आणूही नकोस. येत्या रविवारी मीच येईन. तेव्हा माझ्यासाठी तिचं तोंड पुसू नकोस, कपडे बदलू नकोस. खेळून येईल तशी माझ्याकडे दे.

तुझी करिश्मा,
आणि जमेल तेवढी, प्रियूची आई