भोपळ्याची पहिली सुई

मंगळवार, ४ मार्च

आज नातवाला लस टोचली — मीच! दवाखान्यात नर्स म्हणून इतकी वर्षं लोकांची पोरं रडवली, आज घरचं. दीड महिन्याचा आमचा भोपळा. मांडीत सुई गेल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुला आजी कुणी केलं! नियमाप्रमाणे अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं. सूनबाईला सांगितलं, "ताप येईल, पाय सुजेल. गार पाण्याची घडी ठेव, चोळू नकोस. आणि घाबरू नकोस." हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडात बसलंय, झोपेतही म्हणेन.

बुधवार, ५ मार्च

आधी कालचं लिहून काढते.

काल संध्याकाळी ताप आला. वजनाप्रमाणे औषधाचे थेंब दिले. भोपळ्याने रडून घर डोक्यावर घेतलं. मग एकदम गप्प. हायसं वाटलं — झोपला एकदाचा! मी भांडी विसळायला घेतली. सूनबाई दारात आली. "आई, हा झोपलेला नाहीये." मी मागे न बघताच, "अगं, घाबरू नकोस."

तिने नळ बंद केला. "आई, आधी बघा."

पांढराफटक. हात उचलला तर लुळा पडला. हाका मारल्या, पापणी हलेना. श्वास तेवढा होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटभर मी त्याची मान सरळ धरून बसले. पोचेपर्यंत गालांवर रंग आला, आणि डॉक्टरांनी हात लावताच पठ्ठ्याने भोकाड पसरलं. एवढं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "लसीनंतर क्वचित होतं असं. मूल सावरतं. पण लगेच आणलंत ते बरं केलंत."

आणलं तिने. मी भांडी विसळत होते.

गुरुवार, ६ मार्च

भोपळा ठणठणीत. वरिष्ठांना सगळं कळवलं. "कुणी टोचलं होतं?" — मीच.

पुढचा डोस द्यायचा, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. सूनबाई जेवायला वाढते, पण भोपळ्याला खांद्यावरून उतरवत नाही. पोर आता माझ्या हाती देईल? तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं.

सोमवार, १० मार्च

एका नव्या आईला "घाबरू नका" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, "जरा वेगळं वाटलं तरी घेऊन या. मी हसणार नाही."

मंगळवार, १ एप्रिल

दुसरा डोस. डॉक्टर शेजारी उभे. मी आपणहून टोचायला दुसऱ्या नर्सला बोलावून ठेवलं होतं. सूनबाईने भोपळा माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच टोचा, आई. घाबरायचं काम माझ्याकडे."