कामटीचं माप

नागपूर,
२० जानेवारी १९५७

प्रिय सोमारी,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन शेळीच्या. घरात एकटी वाचता येणारी म्हणून एवढी मिरवतेस, आणि बाबांबद्दल एवढंच लिहितेस, की 'बाबा दोन घास खाऊन ताट सारतेत. दिवाळीपासून रुखमाचा खांब तसाच पडून हाय.' तेवढं वाचून मी तीन दिवस डोकं धरून बसलोय. हे पत्र बाबांना सगळं वाचून दाखवू नकोस. शेवटचा भाग तेवढा मोठ्यानं वाच, तो त्यांच्यासाठी आहे. बाकीचं तुझं-माझं.

दिवाळीत तू विचारलं होतंस, रेघा मारायले तीन वर्षं काऊन लागतेत? मी हसण्यावारी नेलं. चित्रशाळेत पहिलं वर्षभर खरंच रेघाच मारल्या. मग घडा, गोळा, खुर्ची. मग प्लॅस्टरचं एक डोकं, कुठल्या परक्या देवाचं, नाक सरळ, डोळ्यांत बुबुळं नाहीत. त्याच्या गालावरची सावली काढायला मला दोन महिने लागले. मग जिवंत माणूस. समोर माणूस बसतो, आपण हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल आडवी-उभी धरायची आणि अंगठा सरकवत माप घ्यायचं. एका डोक्याची उंची उभ्या माणसात साडेसात वेळा बसते. खरंच बसते गं, मी कितीतरी लोकांवर करून पाहिलंय. गुरुजी म्हणतात, आधी जे आहे ते नीट बघायला शिका, हात तयार झाला की मनातलं आपोआप उतरेल.

हात तयार झालाय. मनातलं काही उतरत नाही. पूर्वी कोळशानं मी गोठ्याच्या भिंतीवर मोहफुलं खाऊन झिंगलेलं अस्वल काढलं होतं, आठवतं? तू आठवडाभर त्याला भाकरीचा तुकडा दाखवायचीस. आता अस्वल काढायला बसलो की आधी त्याची हाडं आठवतात. आणि बाबा? त्यांनी आयुष्यात कधी माप घेतलं नाही. गावातल्या प्रत्येक पोरीच्या लग्नात मांडवाचा खांब त्यांनीच कोरायचा, त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराचे डोळे पुरीएवढे आणि पाय वीतभर. लहानपणी मी विचारलं होतं, पाय आखूड काऊन? तर म्हणाले, 'घोड्यावर बसल्यावर पायाचं काय काम?' तो स्वार आमच्या परीक्षेत नापास होईल, पण मांडवात शिरलेला प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघून हसतो. सकाळी वर्गात मला गुरुजींचं पटतं, संध्याकाळी खोलीवर आलो की बाबांचं. मी नक्की कुणाकडून शिकतोय तेच मला कळेनासं झालंय.

आता दिवाळीतलं सांगतो. तू पाण्याला गेली होतीस. बाबा अंगणात रुखमाच्या लग्नाचा खांब कोरत होते, घोडा झाला होता, स्वाराला हात लावायचा होता. मी म्हटलं, बाबा, तुमचं चित्र काढतो, बसा. किती खूश झाले! पागोटं नीट बांधून आले. माझी पेन्सिल झिजून बोटाच्या पेराएवढी उरली होती, तिनं माप घेता येईना. शेजारी टोपलीसाठी बांबू चिरून ठेवला होता, त्यातली एक कामटी उचलली. एक डोळा मिटला, कामटी बाबांच्या दिशेनं धरली, पागोट्यापासून टाचेपर्यंत नख सरकवत नेलं आणि तिथं कोळशाची खूण केली. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग दोन तास हलले नाहीत. मला वाटलं, काय छान बसतात बाबा, आमच्या मॉडेलपेक्षाही छान! चित्र झाल्यावर त्यांनी ते बघितलंही नाही. एवढंच विचारलं, 'झालं का रे माप?' मी म्हटलं, झालं.

तुला वाचता वाचताच कळलं असेल. मला कळलं ते परतीच्या गाडीत, वरोऱ्याला. कुणीतरी बांबूच्या टोपल्या घेऊन डब्यात चढलं आणि मला ती कामटी आठवली. आपल्याकडे कामटीनं माणसाला एकदाच मोजतात, मेल्यावर, पुरायचा खड्डा खणायच्या आधी. आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस, पण मी नऊ वर्षांचा होतो, दारात उभा होतो. काकांनी मोजलं. कामटी बाबांनीच चिरून दिली होती. मोजून झाल्यावर ती हातात घेऊन ते कितीतरी वेळ अंगणात उभे होते, कुठं ठेवायची ते कळत नसल्यासारखे. सोमारी, हे मी विसरलो. तीन वर्षांत एका परक्या देवाच्या नाकाचा उंचवटा मला पाठ झाला आणि हे विसरलो.

वरोऱ्याला उतरून मागं फिरता आलं असतं. फिरलो नाही. म्हटलं, जुन्या समजुती आहेत, बाबा विसरतील. मला स्वतःची लाज वाटते, आणि त्याच वेळी वाटतं, खरंच समजूतच तर आहे. दोन्ही वाटतं.

याहून वाईट पुढंच आहे. ते चित्र मी गुरुजींना दाखवलं. त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावलं आणि म्हणाले, सुकलू, डोळ्यांत काय उतरवलंयस, आज तुझं स्वतःचं चित्र झालं! सगळे भोवती जमले आणि मी खुशीत उभा राहिलो. रात्री ते पुन्हा उघडलं. खरंच, बाबांच्या डोळ्यांत भीती आहे. ती मी जशीच्या तशी काढली, पण समोर बसून मला ती दिसली नव्हती. मग हे माझं चित्र कसं? गुरुजींना ते प्रदर्शनात हवंय, उद्या सोमवारी उत्तर द्यायचंय. ते ट्रंकेत तळाशी ठेवलंय. बाबा सांगतील तेव्हाच ते बाहेर काढीन, असं गुरुजींना सांगणार आहे. रागावले तर रागावले.

काल हे सगळं मी आमच्या मॉडेलला सांगितलं. मुखरूबुवा त्यांचं नाव, मूळचे वरोऱ्याकडचे, अकरा वर्षं वर्गात बसतात. ऐकून म्हणाले, 'मले तं हे पोट्टे रोज मोजतेत. मी काई मरून नाई राह्यलो. चहा तेवढा थंड देतेत.' मला हसू आलं, आणि एक गोष्ट सुचली. ती शहाणपणाची आहे की आगीत तेल ओतायची, मला ठरवता येत नाही. पण बाबा उपाशी असताना ठरवत बसायला वेळ नाही. पाकिटातली सुतळी त्यांच्या हातात दे आणि पुढचं मोठ्यानं वाच.

बाबा, ही सुतळी माह्या मापाची हाय, डोक्यापासून टाचेपर्यंत. मी जमिनीवर डोळे मिटून सरळ झोपलो आन् मुखरूबुवानं मोजलं. हनुवटीपाशी एक गाठ, बेंबीपाशी एक, गुडघ्यापाशी एक. तुमाले मी कामटीनं मोजलं आन् मले आई आठवली नाई. चूक माही हाय. आता माहंही माप तुमच्यापाशी हाय. मापानं माणूस मरत असंन, तं आपण दोघंही चाललो. नसंन मरत, तं उठा आन् जेवा. तुमाले राग येईन. येऊ द्या, मले शिव्या द्या, पन जेवल्यावर द्या. रुखमाचा घोडा रिकामा उभा हाय. त्याच्यावर मले बसवा, ह्याच सुतळीनं मोजून. आन् मोजून झालं का माप सोडून द्या, पाय आखूडच करा. मी लग्नाले येतो, मांडवात उभा राहून पाहतो मी कसा दिसतो ते.

तुझाच, आणि बाबांचा,
सुकलू